इंदूरच्या कुटुंब न्यायालयात वकिलाविना उभं राहायचं, तर मदत कुणाची घ्यावी?

"काकू, वकील करायला पैसे नाहीत. मी स्वतःच उभी राहते. पण अडलं तर विचारू कुणाला?" लोकमान्य नगरात आमच्या मागच्या गल्लीतल्या मुलीनं परवा विचारलं. माझी पोटगीची केस मी इथंच, इंदूरच्या कुटुंब न्यायालयात, पहिले सात महिने एकटीनं चालवली होती. तिला जे सांगितलं तेच इथं मांडते.

आधी मनातली भीती काढू. वकिलाशिवाय उभं राहण्यात गैर काहीच नाही. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम 13 सांगतं की इथं वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही, त्याला न्यायालयाची परवानगी लागते. प्रत्यक्षात ती सहसा मिळते, त्यामुळे समोर बरेचदा काळा कोट असतो. पण त्याच कलमात सोय आहे, की गरज वाटल्यास न्यायाधीश एखाद्या जाणकाराला न्यायमित्र म्हणून मदतीला घेऊ शकतात. "समोर वकील आहे, मला कायदा कळत नाही," एवढं साध्या कागदावर लिहून ही मदत मागता येते. देणं न देणं त्यांच्या हातात, पण मागायला संकोच नको.

आता खरी निवड. बाईमाणसासाठी माझं पहिलं बोट जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतले लोक यांना मोफत वकील मिळतो, आणि स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. नवरा कमावता आहे, माहेर बरं आहे, म्हणून नाकारता येत नाही. बाकीच्या बहुतेक पुरुषांना मात्र उत्पन्नाची मर्यादा लागते. नेमलेल्या वकिलानं तुमच्याकडून पैसे घ्यायचे नसतात. मागितले, किंवा तो पेशीला, म्हणजे सुनावणीला, येतच नसेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी अर्ज करून दुसरा मागावा. कमतरता म्हणाल तर वकील आपल्या पसंतीचा असेलच असं नाही, आणि तो फाइल वाचून आला आहे ना, हे आपल्यालाच पाहावं लागतं. आधी नुसतं विचारायचं असेल तर 15100 ही त्यांची देशभराची हेल्पलाइन आहे.

दुसरा मार्ग म्हणजे खासगी वकिलाकडून फक्त कागद तपासून घेणं. वकीलपत्र द्यायचं नाही, एका बैठकीची फी द्यायची. उभे तुम्हीच राहणार, पण अर्जात काय राहून गेलं ते त्याच्या नजरेला दिसतं. सगळेच वकील तयार होत नाहीत, दोन-तीन ठिकाणी विचारावं लागतं. पुरुष पक्षकाराला, किंवा जिला केसची सूत्रं स्वतःच्या हातात हवी आहेत तिला, मी हाच मार्ग सुचवीन.

तिसरा मार्ग सगळ्यात स्वस्त दिसतो: कोर्टाबाहेरचा टाइपिस्ट. यावर जरा थांबते, कारण माझे हात इथंच पोळले. मी तोंडी सांगितलं, त्यानं जुन्या कुणाच्या तरी अर्जावर माझं नाव घातलं. मला एक मुलगा. चौथ्या परिच्छेदात "दोन पुत्रियां" तशाच राहिल्या. मी सही केली, शपथपत्रावरही. पुढच्या पेशीला समोरच्या वकिलानं तेवढीच ओळ मोठ्यानं वाचली. दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागला आणि दोन तारखा गेल्या. टाइपिंग त्याच्याकडून जरूर करून घ्या, मजकूर नाही. एक खूण सांगते: पोटगीच्या नव्या अर्जावर त्यानं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 लिहिलं, तर समजा जुनाच नमुना चालू आहे. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 झालं आहे.

न्यायालयातले समुपदेशक? ते समेटासाठी असतात. माणसं मायेनं बोलतात, पण ती तुमच्या बाजूची नसतात आणि समोरच्याच्याही नसतात. मुलाला भेटण्याचे दिवस ठरवायचे असतील तर त्यांच्यासारखी मदत नाही. कायदेशीर सल्ला मात्र त्यांच्याकडे मागू नये. बाबू लोकांना पुढची तारीख, नकलेचा अर्ज, कागदातली त्रुटी एवढंच विचारावं. विधी महाविद्यालयांच्या मदत केंद्रातली मुलं घटनाक्रम नीट लावून देतात, पण ती कोर्टात बोलू शकत नाहीत.

भाषेचं आपल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावं. इथं कारभार हिंदीत. आपली पोटगी म्हणजे कागदावर भरण-पोषण, उलटतपासणी म्हणजे प्रतिपरीक्षण. सासूबाईंची मराठी पत्रं पुरावा म्हणून द्यायची असतील तर सोबत हिंदी अनुवाद जोडा. घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हे सोपं वाटतं, पण साक्ष देताना घाबरल्यावर तोंडात मराठीच येतं. म्हणून घरी मोठ्यानं बोलून सराव करा.

कुठली केस आहे यावरही निवड ठरते. दोघांच्या संमतीचा घटस्फोट असेल, अटी ठरल्या असतील, तर एकदा कागद तपासून घेतले की एकट्यानं जमतं. पोटगीत सगळी मदार संपत्ती आणि देण्यांच्या शपथपत्रावर. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून ते दोन्ही बाजूंनी द्यायचं असतं. तिथं बँकेचं पासबुक, शाळेची फी, भाडं, एकेक आकडा आपल्यालाच माहीत असतो, म्हणून ते स्वतः भरा आणि मग दाखवून घ्या. पण मुलाच्या ताब्याचा वाद असेल, किंवा साक्षीपुराव्याची वेळ आली असेल, तर एकटं राहू नका. मी सात महिन्यांनी विधिक सेवेकडे गेले ती प्रतिपरीक्षणाच्या आधीच. समोरच्याला कुठला प्रश्न विचारायचा नाही, हे मला कधीच कळलं नसतं. हिंदू विवाह कायद्याखाली केस चालू असेल तर कलम 24 नं खर्चासाठी समोरच्याकडून रक्कमही मागता येते, नवऱ्यालासुद्धा.

त्या मुलीची केस पोटगीची आहे. तिला सांगितलं, वकील मिळेपर्यंत एक वही घाल. डावीकडे तारीख, मध्ये काय झालं, उजवीकडे त्याचा कागद कुठला. काल संध्याकाळी ती वही दाखवायला आली. पहिल्या पानावर लग्नाची तारीख आहे, तिसऱ्यावर मुलीच्या शाळेच्या फीची पावती टाचणीनं लावली आहे. सोमवारी ती विधिक सेवेच्या कार्यालयात जाणार आहे, आणि मी तिच्यासोबत.