काटोचा युनिट्रॅक: चार बाय अडीच फुटांच्या फळीवर दुहेरी मार्ग

मुंबईतल्या घरात मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे फळीवरचे रूळ आणि देखावा, कायमचा मांडून ठेवायला जागा मिळणं कठीण. फळी रविवारी डायनिंग टेबलावर येते आणि रात्री कपाटामागे उभी राहते. त्यात जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा, की लाकूड फुगतं, फेविकॉल वाळत नाही आणि रुळांवर काळपट थर चढतो. या दोन्ही अडचणींचा विचार केला तर एन गेजमध्ये (दोन रुळांत ९ मि.मी. अंतर, खऱ्याच्या १:१६० माप) जपानी काटो कंपनीचा युनिट्रॅक हा तयार रूळसंच सगळ्यात समजूतदार पर्याय आहे. फक्त तो डब्यातून काढून जसाच्या तसा फळीवर ठेवला तर खेळण्यासारखा दिसतो. त्यावर हात फिरवावाच लागतो.

रूळ ९ मि.मी. गेजचे, निकेल सिल्व्हरचे, कोड ८० म्हणजे साधारण २ मि.मी. उंच. खडीचा आकार दिलेल्या २५ मि.मी. रुंद प्लास्टिकच्या पायावर ते आधीच बसवलेले असतात. तुकडे युनिजॉइनर नावाच्या क्लिपने एकमेकांत अडकतात. विजेचा आणि यांत्रिक असे दोन्ही जोड या एकाच क्लिपमध्ये येतात. फ्लेक्स ट्रॅकला (हवा तसा वाकवायचा सुटा रूळ) कॉर्कची पट्टी, कापणी, वाकवणी, प्रत्येक जोडाला सोल्डरिंग असा सगळा व्याप लागतो. स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, बारीक असल्यामुळे तो दिसायला उजवा, पण फळी दर आठवड्याला उचलायची असेल तर त्याचे जोड लवकर ढिले पडतात.

सरळ तुकड्यांची मापं ६२, १२४, १८६ आणि २४८ मि.मी. अशी ६२च्या पाढ्यात आहेत. या पाढ्यामुळे कागदावर आखलेला नकाशा फळीवर तंतोतंत बसतो. दुहेरी मार्गासाठी वळणांच्या त्रिज्या ३३ मि.मी.च्या फरकाने वाढतात: २८२, ३१५, ३४८, ३८१. हा ३३चा आकडा भारतीय मार्गासाठी फारच सोयीचा निघाला. आपल्या रेल्वेत नव्या कामासाठी दोन मार्गांच्या मध्यरेषांत ५.३ मीटर अंतर धरतात. त्याला १६०ने भागलं की ३३.१ मि.मी. येतात. स्टेशनजवळचं अंतर वेगळं काढायची गरजच उरत नाही.

गेजचं गणित मात्र जुळत नाही, हे आधीच मान्य करून टाकावं. आपला ब्रॉडगेज १६७६ मि.मी.चा, म्हणजे १:१६०मध्ये १०.५ मि.मी. हवा. ९ मि.मी.च्या रुळावर गाडी दीड मि.मी. अरुंद चाकांवर उभी राहते. बाजूने पाहताना हे कळत नाही, समोरून कळतं. म्हणून गाडी समोरून सरळ दिसेल अशा टोकाला पूल किंवा इमारत ठेवावी. नेरळ-माथेरानची ६१० मि.मी.ची छोटी लाइन करायची असेल, तर १:७६ या मोठ्या मापात ८ मि.मी. येतात. तिथे ९ मि.मी. खपून जातात आणि २४९ मि.मी. त्रिज्येची तीव्र वळणंही शोभतात. अडचण स्लीपरांची. एन गेजचे स्लीपर त्या मापाला फार बारीक आणि दाट पडतात, त्यामुळे खडीत जवळजवळ बुडवावे लागतात.

आता नकाशा. प्लायची अख्खी शीट आठ बाय चार फुटांची असते. तिच्यातून चार बाय अडीच फुटांच्या तीन फळ्या निघतात आणि सहा इंचांची पट्टी उरते, ती कडेच्या चौकटीला वापरावी. एका फळीवर बाहेरचं वळण ३४८ आणि आतलं ३१५, दोन्हींचे ४५ अंशांचे आठ-आठ तुकडे. पुढच्या बाजूला दोन्ही मार्गांवर २४८ आणि १८६ असे सरळ तुकडे, म्हणजे ४३४ मि.मी. मागच्या बाजूला डबल क्रॉसओव्हर, म्हणजे दोन मार्गांना जोडणारा फुलीसारखा तुकडा. तो ३१० मि.मी. लांब आणि ३३ मि.मी. अंतराचाच आहे. त्याला दोन्ही मार्गांवर १२४चा एकेक तुकडा जोडला की पुन्हा बरोबर ४३४. त्यातले चारही पॉइंट (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे) एकाच स्विचवर एकदम फिरतात, त्यामुळे धिम्या मार्गावरची गाडी जलद मार्गावर आणता येते. मात्र डीसी विजेवर दोन मार्गांना दोन वेगळे कंट्रोलर असतील, तर गाडी ओलांडताना दोन्हींची दिशा आणि वेग सारखे ठेवा. नाहीतर गाडी मध्येच धक्का खाते.

पायासकट लांबी ११५५ मि.मी. भरते आणि रुंदी ७२१. फळी १२१९ बाय ७६२. रुंदीत दोन्ही कडांना जेमतेम २० मि.मी. उरतात, म्हणून कडेला दोन इंच उंच ॲक्रिलिकची पट्टी लावाच. एन गेजचं इंजिन टेबलावरून पडलं की शक्यतो दुरुस्त होत नाही.

या फळीवर बारा डब्यांची लोकल चालवायचा मोह होतो. लोकलचा डबा १:१६०ला सुमारे १३० मि.मी., म्हणजे बारा डबे दीड मीटरहून जास्त. बाहेरचा पूर्ण फेराच तीन मीटरचा. अर्धा मार्ग गाडीनेच भरून जातो आणि ती कुठून कुठे चालली आहे याचा भासच राहत नाही. तीन डबे घ्यावेत. पारंपरिक लोकल तीन-तीन डब्यांचे युनिट जोडूनच तयार होते, त्यामुळे हा आकडा ओढूनताणून आणलेला वाटत नाही. तीन डबे ३९० मि.मी., पुढच्या सरळ भागातल्या फलाटाला नेमके पुरतात.

पॉइंटमध्ये निवड करताना सावध राहावं. क्रमांक ६चा पॉइंट १८६ मि.मी.चा, वळणाची त्रिज्या ७१८. लोकलचे डबे त्यावरून डौलाने जातात. क्रमांक ४चा १२६ मि.मी.चा आणि ४८१ त्रिज्येचा. तो नकाशात बसवायला ६२ आणि ६४चे तुकडे शेजारच्या मार्गावर एकत्र लावावे लागतात. त्याच्या सरकत्या पट्ट्यांची टोकं जरा जाड असतात आणि बारीक फ्लँजचं (आतल्या कडेचं) चाक तिथे अडखळतं. बारीक कानशीने पट्टीचं टोक आतल्या बाजूने निमुळतं करायचं आणि ती जिथे टेकते तिथल्या रुळाला अगदी हलकी खाच द्यायची, की ही तक्रार बहुतेक जाते. जागा परवडत असेल तर क्रमांक ६च घ्यावा. क्रॉसओव्हर नको असेल, तर मागच्या बाजूलाही २४८ आणि १८६ लावून आतल्या मार्गावर १८६च्या जागी हा पॉइंट घाला आणि १५ अंशांत आत जाणारी ३७२ मि.मी.ची तिरकी लाइन कारशेड म्हणून काढा. दोन डबे आरामात उभे राहतात. पॉइंट ज्या बाजूला वळवलेला असेल तिकडेच वीज जाते, त्यामुळे शेडमधली गाडी वेगळ्या स्विचशिवाय जागच्या जागी थांबते. क्रॉसओव्हर आणि शेड दोन्ही मात्र एका बाजूला मावत नाहीत.

तुकडे मोजून मागवा. माल आयात होऊन येतो आणि शुल्क जबर आहे. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ साली ७०. चुकीच्या त्रिज्येचे आठ तुकडे आले तर भुर्दंड मोठा. याउलट युनिजॉइनरचं एक जादा पाकीट मात्र नक्की मागवा. तुकडे सरळ रेषेत ओढून काढायचे असतात. एक टोक उचलून मोडल्यासारखं केलं की आतली धातूची पट्टी पसरते. तो जोड पुन्हा बसतो, दिसायला ठीक असतो, पण वीज मध्येच तुटते. दुसरा दोष रूळ क्लिपमध्ये न शिरता तिच्यावर चढण्याचा. डोळ्याला दिसत नाही. प्रत्येक जोडावरून नख फिरवावं. नख अटकलं की चाकही अटकणार.

पॉवर पॅकबद्दल (म्हणजे गाडीला वीज देणाऱ्या कंट्रोलरबद्दल) एकच, पण महत्त्वाची गोष्ट. जपानी बाजारासाठी बनलेल्या पॅकचा ॲडॅप्टर १०० व्होल्टचा असू शकतो, अमेरिकन संचाचा १२०चा. आपल्याकडे २३० व्होल्ट. त्यावर "इनपुट १००-२४०" असं छापलेलं नसेल तर प्लग लावूच नका. लॅमिंग्टन रोडवर १२ व्होल्ट २ अँपियरचा साधा डीसी ॲडॅप्टर सहज मिळतो. मध्ये १ अँपियरचा फ्यूज टाका. प्रत्येक फेऱ्याला दोन फिडर, म्हणजे रुळाला वीज पोचवणाऱ्या तारा, समोरासमोर. एकाच फिडरवर दूरच्या बाजूला गाडी मंदावते, कारण प्रत्येक जोड थोडी थोडी वीज खातो. फिडरसाठी तार जोडलेले युनिजॉइनरच वापरा. रुळाला थेट सोल्डर करायला गेलात तर प्लास्टिकचे स्लीपर वितळून गेज बिघडतो. फळीखालची मुख्य वायर ०.७५ चौरस मि.मी.ची पुरते, लोहार चाळीत मीटरवर मिळते.

फळीसाठी आयएस ७१० म्हणजे बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) प्रतीचं ९ मि.मी. प्लाय घ्या. एमआर (फक्त ओलावा सोसणाऱ्या) प्रतीचं स्वस्त पडतं, पण दोन पावसाळ्यांत फुगतं, आणि फळी वाकली की सरळ मार्गाला पोट येतं. वरची बाजू, खालची बाजू आणि विशेषतः कापलेल्या कडा या सगळ्यांना तेलरंगाचे दोन हात द्या. पाणी कडेतूनच शिरतं. रूळ बसवायला ॲक्रिलिक सीलंटचे वाटाण्याएवढे ठिपके पुरेत, पुढे पातळ सुरीने सोडवता येतात. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको. वाळताना त्यातून निघणारं आम्ल धातूला लागतं.

आता रूप. प्लास्टिकच्या पायाचा फिका राखाडी रंग मुंबईच्या मार्गाला अजिबात शोभत नाही. इथली खडी काळ्या पाषाणाची, आणि त्यावर ब्रेकच्या धुळीचा तांबूस थर. एकेरी तुकड्यांचे स्लीपर तपकिरी असतात, ते काँक्रीटच्या फिक्या राखाडी रंगाने बारीक ब्रशने रंगवा. रुळांच्या बाजूंना गंजाचा मॅट रंग द्या आणि वरचा पृष्ठभाग लगेच पुसून घ्या. एवढ्यानेच अर्धं काम होतं.

खडीसाठी आयात पाकिटाची गरज नाही. बांधकामाची क्रश सँड त्याच पाषाणाची असते. आपल्या रेल्वेची खडी जास्तीत जास्त ६५ मि.मी.ची, १:१६०ला ०.४ मि.मी. मैद्याच्या चाळणीतून खाली पडते ती घ्या. पाण्याने चार-पाच वेळा धुऊन धूळ काढून टाका आणि उन्हात कडक वाळवा. मग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं जोरदार चुंबक त्यात फिरवा. या दगडात मॅग्नेटाइटचे कण असतात. ते पिशवीला काळ्या केसांसारखे चिकटून येतात. तेच कण पुढे इंजिनाच्या मोटरमध्ये ओढले जातात. पिशवीला काही चिकटेनासं होईपर्यंत फिरवत राहा.

प्लास्टिकवर फेविकॉल तसाच लावला तर वाळल्यावर पापुद्र्यासारखा निघतो. आधी उतारावर मॅट ॲक्रिलिक रंगाचा एक हात द्या, मग वाळू पसरा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा बारीक फवारा मारा आणि ड्रॉपरने पातळ फेविकॉल सोडा. प्रमाण एकास तीन पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. हे फक्त पायाच्या बाहेरच्या उतारावर करायचं. रुळांच्या मध्ये पायावरच कोरलेल्या खडीला पातळ काळ्या रंगाचा एक हात पुरतो. पॉइंटपासून दोन इंच आणि प्रत्येक जोडापासून अर्धा इंच लांब राहा, कारण पातळ फेविकॉल क्लिपमध्ये झिरपला की तिथली वीज गेलीच समजा. हे काम ऑक्टोबर ते मे या काळात करावं. जुलैत ते तीन-तीन दिवस ओलं राहतं. झाडांसाठीही लाकडाचा भुसा किंवा काथ्या वापरू नका, त्यावर पावसाळ्यात बुरशी धरते. रंगवलेला स्पंज टिकतो.

फलाटाचं माप पायाशी भांडतं. फलाटाची कड मार्गाच्या मध्यापासून १६७० मि.मी.वर, म्हणजे साडेदहा मि.मी.वर यायला हवी. पण पायाची निम्मी रुंदीच साडेबारा. म्हणून फलाटाची भिंत पायाच्या बाहेर उभी करून वरची लादी २ मि.मी. पुढे काढा. उंची रुळाच्या माथ्यापासून सव्वापाच मि.मी., म्हणजे खरे ८४० मि.मी. ओव्हरहेड विजेच्या तारांचे खांब दर १५ सें.मी.वर रोवण्याची चूक सर्रास दिसते. २५ किलोव्होल्टच्या तारांना सरळ मार्गावर दोन खांबांत ७२ मीटरपर्यंत अंतर चालतं. आपल्या मापात ४५ सें.मी. ४३४ मि.मी.च्या सरळ भागाला दोन टोकांना दोन खांब पुरतात. वळणावर ते जवळ आणा. या वळणांचं खरं माप काढलं तर ३४८ मि.मी. म्हणजे ५६ मीटर, आणि ब्रॉडगेजचं सगळ्यात तीव्र वळणही १७५ मीटरचं असतं. कोपऱ्यात तीन मजली चाळीचा कागदी ठोकळा उभा केला की ती तीव्रता नजरेआड जाते.

रूळ साफ करायला अल्कोहोलमध्ये भिजवलेला सुती कपडा. पॉलिश पेपर कधीच नको, त्याच्या ओरखड्यांत मळ अधिक धरतो. थिनर तर नकोच, पाया विरघळतो. पावसाळ्यात गाडी चालवली नाही तरी आठवड्यातून एकदा पुसा. फळी कपाटामागे ठेवताना पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. आतल्या भिंतीपाशी, एक इंच जागा सोडून, रुळांची बाजू भिंतीकडे करून उभी करा.