इजेक्टर सुधारला, स्प्रिंगमध्ये गडबड केली: नव्या रचनेचं टू-टू स्पोर्ट पिस्तूल, हिवाळा ते पावसाळा वापरून

इजेक्टर, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर उडवणारा आतला खिळा, बदलला हे कंपनीने फार चांगलं केलं. रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे मागे गेलेली स्लाइड पुढे आणणारी स्प्रिंग, कडक केली हे चुकलं. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या मागून येतं.

पॉइंट टू-टू (०.२२ इंची) बोअरचं हे पिस्तूल दिवाळीच्या आधी हातात आलं. याच मॉडेलचं जुन्या रचनेचं पिस्तूल मी क्लबमध्ये बरीच वर्षं चालवलंय, त्यामुळे काय बदललं आणि त्याने काय फरक पडला हे दोन्ही शेजारी ठेवून बघता आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला बोलायचंय ते रचनेवर.

या प्रकारच्या पिस्तुलात स्लाइड, म्हणजे वरचा पुढे-मागे सरकणारा भाग, नळीशी जखडलेली नसते. स्वतःचं वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच ती बंद राहते. बार उडाला की वायूचा दाब पुंगळीला मागे ढकलतो आणि पुंगळीच स्लाइडला मागे रेटते. त्यामुळे पुंगळी चेंबरमधून ओढून काढायचं काम एक्स्ट्रॅक्टरवर, म्हणजे स्लाइडमधल्या आकड्यावर, फारसं पडत नाही. त्याचं मुख्य काम म्हणजे पुंगळीची कड घट्ट धरून तिला इजेक्टरपर्यंत सरळ नेणं. ती तिथे आपटली की बाजूला उडते. पकड जरा आधी सुटली किंवा स्लाइड पुरती मागे गेली नाही, की पुंगळी पोर्टमध्ये, म्हणजे बाहेर पडायच्या खिडकीत, तिरकी राहते आणि परत येणारी स्लाइड तिला तिथेच दाबून धरते.

जुन्या पिस्तुलाची तक्रार काय होती ते पुंगळ्यांवरच दिसायचं. सरावानंतर मूठभर पुंगळ्या उजेडात धरून भिंगातून बघितल्या तर तोंडाशी एका बाजूला चंद्रकोरीसारखी चेप असायची. पोर्टच्या कडेवर नेमक्या त्याच उंचीला पितळेचा पिवळा डाग. चिंधीने पुसला तरी पुढच्या सरावाला पुन्हा हजर. पुंगळी बाहेर पडत होती, पण कडेला धडकून. बंदूक स्वच्छ असेपर्यंत ते चालून जायचं, मळ साचला की अडकायला सुरुवात.

नव्या रचनेत इजेक्टर लांब केलाय. स्लाइड मागे जाताना पुंगळी त्याच्यावर लवकर आपटते, म्हणजे स्लाइडचा वेग भरात असतानाच. पोर्ट खालच्या बाजूने थोडं जास्त कापलंय. एक्स्ट्रॅक्टरचं नख रुंद आहे. नव्या पुंगळ्यांवर ती चंद्रकोर जवळजवळ दिसतच नाही. आमच्या कोल्हापूरच्या दुधाळीच्या रेंजवर शेजारच्या नेमबाजाला पुंगळी लागू नये म्हणून मध्ये आडोसा असतो. जुन्या पिस्तुलाच्या पुंगळ्या त्यावर वर-खाली कुठेही लागायच्या. नव्याच्या एकाच पट्ट्यात लागतात. मला याचं फार समाधान वाटलं, कारण पुंगळ्या सारख्या उडतायत म्हणजे प्रत्येक बाराला आतली हालचालही सारखी होतेय.

हे सगळं इतकं मनावर का घ्यायचं, तर पंचवीस मीटर पिस्तूल स्पर्धेच्या रॅपिड टप्प्यात टार्गेट तीन सेकंद समोर असतं, मग सात सेकंद बंद. हात पंचेचाळीस अंशांवरून वर न्यायचा आणि एकच गोळी मारायची, असं पाच वेळा. तिसऱ्या गोळीला पुंगळी अडकली तर विचार करायला वेळच नाही. नियमानुसार पिस्तूल टार्गेटच्या दिशेलाच ठेवून मोकळा हात वर करायचा. अधिकारी येण्याआधी तुम्ही स्लाइड उघडलीत तर मालफंक्शनचा, म्हणजे पिस्तूल बिघडल्याचा, दावा गेला. सवलत मिळाली तरी तुटलेली लय परत मिळेलच असं नाही. म्युनिकच्या २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये पंचवीस मीटरच्या फायनलला मनू भाकर आघाडीवर असताना तिच्या पिस्तुलाने दगा दिला आणि ती पाचवी आली. सुवर्ण आपल्या राही सरनोबतने जिंकलं. राहीचं कौतुक कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण मनूच्या हातातल्या यंत्राने त्या क्षणी काय केलं हेही प्रत्येक पिस्तूलवाल्याने लक्षात ठेवावं. रायफलवाल्यांना हा ताप नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं त्या प्रकारात पुंगळी बोल्ट ओढून हातानेच काढतात.

आता स्प्रिंग. कंपनीने ती कडक केली आणि मागे धक्का शोषणारा एक बफर बसवला. हेतू समजतो: स्लाइड मागे जाऊन कमी आपटावी आणि उडी कमी जाणवावी. पण आपण स्पर्धेला वापरतो ती स्टँडर्ड व्हेलॉसिटीची गोळी, म्हणजे चाळीस ग्रेनचं (सुमारे अडीच ग्रॅमचं) शिसं, साधारण सव्वातीनशे मीटर प्रति सेकंद. तिच्या जोराला ही स्प्रिंग जड पडते. डिसेंबरच्या सकाळी, गोळीवरचं मेण आणि आतलं तेल दोन्ही घट्ट झालेलं असताना, पाच-पाच गोळ्यांच्या पहिल्या दोन मालिकांत पुंगळ्या पार पायाशी पडायच्या. आडोशापर्यंत पोहोचायच्याच नाहीत. आमच्या सरांनी लांबूनच ओळखलं. "अगं, एक्स्ट्रॅक्टर कशाला खोलतेस? स्लाइड अर्ध्यातून परत येतेय, ते बघ आधी." लायसन्स असलेल्या गनस्मिथकडून जुन्या मापाची स्प्रिंग बसवून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी पुंगळ्या पुन्हा आडोशावर लागू लागल्या. कोल्हापूरच्या कारखान्यांच्या उद्यमनगरात अशी स्प्रिंग चहा पिऊन होईपर्यंत करून मिळेल हे मला माहीत आहे, तिथल्या कारागिरांच्या हातावर माझा विश्वासही आहे. तरी शस्त्राचा सुटा भाग कायद्याने असा बाहेर करून घेता येत नाही, आणि घेऊ नये.

असले बदल मोठमोठ्या पिस्तुलांनाही करावे लागलेत. ब्राउनिंगच्या '१९११' या पिस्तुलात एक्स्ट्रॅक्टर स्लाइडच्या आत बसणारी लांब पोलादी पट्टी होती आणि तीच स्वतःची स्प्रिंग होती. ब्राउनिंगच्याच 'हाय पॉवर' पिस्तुलात १९६२ च्या सुमारास तो बाहेर आणून त्याला वेगळी स्प्रिंग दिली. ग्लॉकने चौथ्या पिढीत रिकॉइल स्प्रिंगची रचना बदलली, मग २०११ मध्ये ग्राहकांना त्या बदलून द्याव्या लागल्या आणि पुढे इजेक्टरही नवा आला. नाइन एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य लायसन्सवर न मिळणारं, त्यामुळे ते पिस्तूल मी चालवलेलं नाही. पण स्प्रिंग हलवली की इजेक्टरचं गणितही हलतं, हे तिथेही तसंच.

रुंद नखाचा एक तोटा पावसाळ्यात कळला. नखामागच्या खाचेत मेण, शिशाची भुकटी आणि न जळलेली दारू मिळून काळा चिकट थर बसतो. जून-जुलैच्या दमट हवेत तो ओलसर राहतो आणि नख पूर्ण मिटू देत नाही. ब्रशने वरवर घासून तो निघत नाही. लाकडी टूथपिकचं टोक खाचेत फिरवायचं, मग कोरडी चिंधी, आणि तेल एक थेंबच. जुन्या अरुंद नखाला एवढी बडदास्त लागत नव्हती. तरीही मी नवंच घेईन, कारण साफसफाई माझ्या हातात आहे, जुन्या आखूड इजेक्टरचं काही करणं नव्हतं.

मॅगझिनचे ओठ, ग्रिप, साइट यांत बोलण्यासारखा बदल नाही. ट्रिगर पूर्वीसारखाच स्वच्छ सुटतो.

जुनं मॉडेल वापरणाऱ्यांनी शक्य असेल तर फक्त इजेक्टर कंपनीकडून मागवून गनस्मिथकडे बसवून घ्यावा, पूर्ण पिस्तूल बदलायची गरज नाही. नवं घेणाऱ्यांनी हलकी स्प्रिंग ऑर्डरसोबतच मागावी. पेटीत ती येत नाही, आणि एवढ्या किमतीच्या पिस्तुलात ती यायलाच हवी असं मी कंपनीला लेखी कळवलंय.