पुरायचं की दहन करायचं? कुत्रा गेल्यावरच्या पहिल्या काही तासांतला निर्णय

कुत्रा गेला की घरात एकच प्रश्न उभा राहतो: आता याला न्यायचं कुठे? कोणी डॉक्टरांना फोन लावतं, कोणी गावच्या काकांना, आणि अर्ध्या तासात काहीतरी ठरून जातं. त्या घाईत ठरलेलं पुढे मनात बरीच वर्षं राहतं. म्हणून घरात म्हातारा किंवा आजारी कुत्रा असेल तर हा विचार तो असतानाच करून ठेवावा, असं माझं मत आहे.

खरे पर्याय दोनच. मातीत पुरणं, किंवा स्वतंत्र दहन करून अस्थी परत घेणं. पालिकेची गाडी बोलावून देह तिच्या ताब्यात देता येतो, पण पुढे तो कुठे नेला, कशात मिसळला, हे कळत नाही आणि 'शेवटी गेला कुठे' हा प्रश्न मागे उरतो. अगदी नाइलाज असेल तरच तो मार्ग.

मी दहनाच्या बाजूचा आहे. तरी पुरण्याची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. कुत्र्याच्या मृत्यूला आपल्याकडे ना दहावं, ना तेरावं. ऑफिसात सुट्टी मागायची सोय नाही, शेजारीपाजारी भेटायला येत नाहीत, उलट 'दुसरा आणा' म्हणतात. समाज ज्याला दुःख म्हणून मोजतच नाही अशा दुःखावर केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये पुस्तक संपादित केलं. पाळीव प्राण्याचा मृत्यू हे त्या दुःखाचं ठळक उदाहरण आहे. अशा वेळी पहार आणि घमेलं हातात आलं की माणसाला काहीतरी करता येतं. घरातली मुलं मूठभर माती टाकतात, त्यांना मृत्यू डोळ्यांनी दिसतो. दहनभट्टीवर हे मिळत नाही. दार बंद होतं आणि तुम्ही बाहेर उभे असता.

पण पुरायचं तर नीट पुरायला हवं. देहाच्या वर निदान तीन-साडेतीन फूट माती हवी, म्हणजे लॅब्राडोरसारख्या कुत्र्यासाठी खड्डा साडेचार-पाच फूट खोल, चार फूट लांब आणि अडीच फूट रुंद. मुरमाड जमिनीत दोन माणसांना एवढं खणायला अर्धा दिवस लागतो. जांभ्यात तर पहार टणाटण वाजते आणि बहुतेकजण दोन फुटांवर थांबतात. तिथेच पुढच्या त्रासाची सुरुवात होते. वास वर येतो, आणि भटकी कुत्री किंवा कोल्हे उकरतात. विहीर, बोअर, ओढा यांच्यापासून निदान शंभर फूट लांब राहा. पावसाळ्यात काळ्या मातीत खड्डा खणताखणताच पाण्याने भरतो, तिथे तो नाद सोडून द्यावा.

देह मांजरपाटात किंवा जुन्या सुती चादरीत गुंडाळा. प्लास्टिक नको, त्यात कुजणं रखडतं. बरेच लोक पोतंभर मीठ ओततात. मिठाने माती खारट होते आणि वर लावलेलं झाड जगत नाही. खोली पुरेशी असेल तर मिठाची गरजही नसते. इंजेक्शन देऊन दयामरण दिलं असेल तर खोलीबाबत अजिबात तडजोड नको. त्यासाठी वापरलं जाणारं पेंटोबार्बिटलसारखं औषध देहात फार काळ टिकतं, आणि उकरून खाणारा प्राणी त्याने मरू शकतो. पिल्लू पार्व्होने गेलं असेल तर अंगणात पुरूच नये, कारण तो विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो आणि पुढचं पिल्लू त्याच अंगणात हुंगत फिरणार असतं. रेबीजचा संशय असेल तर देहाला हात न लावता आधी पशुवैद्यकाला कळवा.

एवढं सगळं जमवता येतं. मला पुरण्यातली एकच गोष्ट सलते, आणि तिच्यापुढे बाकीचे फायदे फिके पडले: जागा आपल्या ताब्यात राहत नाही.

सोसायटीच्या बागेत पुरलं, तर बाग सोसायटीची. माळी बदलतो, पाण्याची लाइन टाकायला चर खणला जातो, समितीतल्या कोणाला तरी तिथे सीसीटीव्हीचा खांब हवा असतो. मुंबई-पुण्यात तर इमारतच रिडेव्हलपमेंटला जाते आणि पायासाठी सगळं आवार खणून निघतं. नातेवाइकांच्या शेतात पुरलं, तर दर भेटीला त्यांना विचारून जावं लागतं. पहिल्या वर्षी ते आपुलकीने सोबत येतात, नंतर आपल्यालाच संकोच वाटतो. बांध सरकतो, जेसीबीने सपाटीकरण होतं, सात-बारावर नाव बदलतं. भाड्याच्या बंगल्यात राहणाऱ्यांचा तर प्रश्नच मिटला. कुत्रा दुसऱ्यांदा हरवल्याची ही भावना मला सगळ्यात जाचक वाटते.

त्यात पहिला पाऊस. खणलेली माती कितीही तुडवली तरी बसतेच. आत देह विरत जातो, पोकळी होते, वरचा थर खचतो. उन्हाळ्यात जिथे उंचवटा रचला होता तिथे जूनअखेर वीतभर खोल डबकं दिसतं, आणि कडेच्या चिखलात नख्यांचे ताजे ओरखडे. उपाय आहे: सुरुवातीलाच फूटभर उंच माती चढवायची, वर मोठे दगड किंवा शहाबादी फरशी ठेवायची आणि जुलैत पुन्हा भर टाकायची. पण त्यासाठी तिथे जाता यायला हवं, म्हणजे गाडी फिरून जागेच्या मालकीवरच येते.

आता दहन. मुंबईत मालाडला महापालिकेची पाइप गॅसवर चालणारी प्राण्यांची दहनभट्टी २०२३ मध्ये सुरू झाली. पुण्यातही पालिकेची सोय आहे, आणि मोठ्या शहरांत खाजगी सेवा आहेत. दरांत बराच फरक पडतो, त्यामुळे फोनवरच विचारा. त्याच फोनवर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: एका वेळी भट्टीत एकच प्राणी ठेवता का? आत ठेवताना आम्हाला थांबता येईल का? राख कधी आणि कशात देता? बऱ्याच ठिकाणी पशुवैद्यकाचं मृत्यू प्रमाणपत्र आणि मालकाचं आधार कार्ड मागतात.

यातला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. सामुदायिक दहनात तीन-चार देह एकत्र जातात आणि अस्थी मिळत नाहीत, किंवा मिळाल्या तरी त्या कोणाच्या हे सांगता येत नाही. 'ही राख आपल्याच कुत्र्याची ना?' ही शंका एकदा शिरली की निघत नाही. म्हणून देह आत ठेवताना आणि राख काढताना घरातलं एक माणूस तिथे हवंच. भट्टीच्या सांदीत आधीच्या राखेचा कण राहतोच, तेवढं मान्य करावं लागतं.

पट्टा, घंटी, हार्नेस, रबरी चेंडू घरीच काढून ठेवा. सिंथेटिक ब्लँकेट वितळून काळा थर बसतो. सुती कापड आणि फुलं चालतात. मोठ्या कुत्र्याला साधारण दीड-दोन तास लागतात. ट्रे बाहेर येतो तेव्हा राखाडी भुकटीबरोबर पांढरी, खडूसारखी ठिसूळ हाडं असतात, कधी सुळा ओळखू येतो. सगळीकडे ती दळून देत नाहीत. मुलांना सोबत नेणार असाल तर हे आधी सांगा. तीस किलोच्या कुत्र्याची राख साधारण किलोभर भरते.

दहनाची ताकद मला इथे दिसते: जागेचा निर्णय त्या दिवशी घ्यावा लागत नाही. पुरताना जागा, खोली, झाड, सगळं पहिल्या काही तासांतच ठरवावं लागतं, जेव्हा डोकं सर्वांत कमी चालतं. अस्थी हातात आल्या की आठवडा थांबा, वर्ष थांबा, परगावी असलेली मुलगी सुट्टीत येईपर्यंत थांबा. घर बदललं तरी त्या सोबत येतात.

ज्येष्ठ मंडळी 'अस्थी घरात नकोत' म्हणतात, आणि त्यांच्याशी त्या दिवशी वाद घालू नये. आपल्याकडे अस्थी बाहेर झाडाला बांधून ठेवायची रीत आहेच. गॅलरीतल्या हुकाला अडकवल्या तरी कोणाची हरकत नसते. फक्त नुसत्या कापडी पिशवीत नको, पावसाळ्यात राख ओल धरते आणि कापडाला बुरशी येते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या आणि तो पिशवीत घाला.

पुढे झाड लावायचं तर एक काळजी घ्या. ही राख लाकडाच्या राखेसारखी नसते. तीव्र अल्कधर्मी दोन्ही असतात, पण ही खारटही असते, मुळाशी ढीग घातला तर रोप जळतं. अठरा इंची कुंडीत मूठ-दोन मूठ राख, भरपूर शेणखत आणि मातीत नीट कालवून, खालच्या थरात. उरलेली जमिनीवर पसरून द्या किंवा विसर्जित करा. अनंतासारखी आम्लधर्मी माती मागणारी झाडं टाळा, पारिजातक चालतो. कुंडीतला पारिजातक छाटत राहिलं तर बरीच वर्षं टिकतो, आणि कुंडी टेम्पोत चढते.

दोन्हींत पहिल्या तासांतली तयारी सारखीच. ताठरपणा दोन-तीन तासांत सुरू होतो, उन्हाळ्यात लवकर, म्हणून त्याआधी पाय पोटाशी दुमडून कुत्रा नेहमी झोपायचा तसं वेटोळं करून घ्या. नंतर ना गाडीत मावतो ना खड्ड्यात. मागच्या बाजूला जाड टॉवेल किंवा डायपर ठेवा, कारण लघवी आणि विष्ठा सुटते. छातीतली हवा बाहेर पडताना उसासा ऐकू येऊ शकतो, एखादा स्नायू फुरफुरतो. जीव परत आलेला नसतो, पण घरच्यांना आधी सांगितलं नसेल तर त्यांना फार यातना होतात. डोळे बहुधा मिटत नाहीत. रात्र काढायची असेल तर टॉवेलात गुंडाळलेल्या बर्फाच्या पिशव्या पोटाखाली आणि पोटावर ठेवा, कारण कुजायला सुरुवात तिथूनच होते; एसी असेल तर पूर्ण थंड करा. विदर्भातल्या मे महिन्यात बर्फाशिवाय चार-पाच तासांपुढे जाऊ नका.

घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला देह हुंगू द्या. काही कुत्रे वास घेऊन सरळ निघून जातात, काही शेजारी बसतात. दोन्ही ठीक, ओढून आणू नका. गेलेल्याचं अंथरूण त्याच दिवशी धुऊ नका, मागे राहिलेला बऱ्याचदा त्यावर झोपायला जातो. लहान मुलांना 'झोपलाय' म्हणू नका, 'मेला' असंच सांगा. नाहीतर रात्री ती स्वतः झोपायला घाबरतात.

जमीन तुमच्या नावावर असेल, पिढीजात असेल, विहीर लांब असेल आणि खणायला माणसं असतील, तर पुरण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कोकणात, खानदेशात अशी घरं पुष्कळ आहेत आणि तिथे दहनासाठी देह घेऊन तीन तास गाडी हाकणं उगाच होईल. फ्लॅटमध्ये राहत असाल तर मात्र भट्टीचा नंबर, तिच्या वेळा आणि सुट्टीचा वार आजच लिहून ठेवा. देखभालीसाठी भट्टी कधीकधी बंद असते, काही ठिकाणी संध्याकाळनंतर देह घेत नाहीत, म्हणून दुसऱ्या ठिकाणाचाही नंबर घ्या. पालिकेचा श्वान परवाना काढला असेल तर तोही या नंबरांसोबत ठेवा, नंतर तो रद्द करून घ्यावा लागतो का हे पालिकेत विचारा.