शाफ्टच नसलेली ‘फोर बाय फोर’: जुनी ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी घेताना झालेली फसवणूक

जुन्या ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीच्या व्यवहारात लबाडी बहुधा गाडीच्या पोटाखाली लपवलेली असते, कारण तिथे काय आहे आणि काय काढून टाकले आहे हे कोरड्या डांबरी रस्त्यावर चालवून कळत नाही. दुसऱ्या पिढीची, २००६ साली नोंदलेली पेट्रोल होंडा सीआर-व्ही मी गोव्यातील एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून दोन लाख चाळीस हजार रुपयांना घेतली. गाडी चारही चाकांवर चालते असे त्याने व्हॉट्सॲपवरच्या जाहिरातीत लिहिले होते आणि तोंडीही सांगितले होते. सत्तरी तालुक्यात आमची काजूची बागायत आहे. वाळपईच्या पुढे तिथवर जाणारा शेवटचा चढ जांभ्या दगडाचा असून पावसात त्यावर शेवाळ धरते, आणि साध्या गाडीची पुढची चाके तिथे जागच्या जागी फिरत राहतात. ही गाडी घेण्याचे कारण तेवढेच होते.

विक्रेत्याने पुरावे भरपूर दाखवले. पंधरा वर्षांनंतर पाच वर्षांसाठी नूतनीकरण झालेले नोंदणीपत्र होते, खालून काळे कोटिंग मारून चकचकीत केलेला तळ होता आणि स्कॅनर जोडून काढलेला, एकही दोष न दाखवणारा कागद होता. ‘पात्रांव, कॉम्प्युटरच सांगतो, आणखी कोणी सांगायला हवे?’ हे त्याचे वाक्य. फसवणुकीचे खरे कौशल्य याच कागदात होते. या पिढीच्या सीआर-व्हीमधील मागच्या चाकांना जोर देणारी यंत्रणा पूर्णपणे तेलाच्या दाबावर चालते. तिला सेन्सर नाही, रेनो डस्टर गाडीच्या ऑल-व्हील ड्राइव्ह मॉडेलमध्ये असते तशी निवडीची कळ नाही आणि डॅशबोर्डवर दिवाही नाही. ज्या यंत्रणेचा कॉम्प्युटरशी संबंधच नाही, तिच्याबद्दल स्कॅनर काय सांगणार?

ही यंत्रणा कशी चालते हे थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण पुढचा सगळा प्रकार त्यावरच अवलंबून आहे. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीपर्यंत, एक लांब प्रॉपेलर शाफ्ट (फिरणारा दांडा) जातो. डिफरन्शियलमध्ये दोन पंप असतात, एक या शाफ्टवर फिरणारा आणि दुसरा मागच्या चाकांबरोबर फिरणारा. चारही चाके सारख्या वेगाने फिरत असली की दाब तयार होत नाही. पुढची चाके घसरून जास्त वेगाने फिरू लागली की पहिला पंप जास्त तेल ढकलतो, त्या दाबाने क्लचच्या प्लेट एकमेकींवर दाबल्या जातात आणि मागच्या चाकांना जोर मिळतो. एरवी गाडी पुढच्या चाकांवरच चालत असल्यामुळे मधला शाफ्ट सोडवून काढून टाकला तरी ती सुरळीत धावते, आणि चालवणाऱ्याला काही जाणवत नाही.

पहिल्या पावसात त्या चढावर पुढची चाके फिरू लागली आणि मागची ढिम्म हलली नाहीत, तेव्हा गाडी एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली. फसवणुकीचा दुसरा अंक तिथे झाला. गाडी रॅम्पवर चढवून, मला काचेच्या पलीकडे बसवून त्यांनी पंच्याऐंशी हजारांचा अंदाज दिला. त्यात मागचे डिफरन्शियल पूर्ण खोलून नवे भाग, ट्रान्स्फर केसची (गिअरबॉक्सकडून शाफ्टला जोर देणाऱ्या भागाची) दुरुस्ती आणि ‘वय झाल्यामुळे टायमिंग बेल्ट’ अशी कलमे होती, आणि भाग मागवण्यासाठी वीस हजार आगाऊ हवे होते. शेवटच्या कलमावर मी थांबलो, कारण गाडीच्या पुस्तिकेत देखभालीचे वेळापत्रक वाचलेले होते: होंडाच्या या इंजिनाला टायमिंग बेल्ट नसतोच, चेन असते. तो जुना बेल्ट कुठे आहे ते दाखवाल का, असे विचारल्यावर ते कलम ‘टायपिंगची चूक’ ठरले. गाडी रॅम्पवर उभी असताना शाफ्टची रिकामी जागा त्यांना दिसली नसेल, यावर माझा विश्वास नाही. शाफ्ट नाही हे सांगितले असते तर डिफरन्शियलचे बिल लावता आले नसते.

फोंड्यातील एका वयस्क मेकॅनिकने गाडी पिटवर घेतली आणि मला हाताला धरून खाली नेले. डिफरन्शियलच्या तोंडाची चकती मोकळी होती, चारही बोल्ट गायब होते आणि भोकांवरून काळे कोटिंग मारलेले होते. शाफ्ट मुंबईहून, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून मागवला. वाहतुकीसह चौदा हजार लागले. या शाफ्टचे क्रॉस (सांध्यांतले फुलीच्या आकाराचे भाग) कारखान्यातच ठोकून बसवलेले असतात आणि साध्या पद्धतीने सुटे बदलता येत नाहीत. म्हणून त्याने आधी प्रत्येक क्रॉस हाताने फिरवून, अडकत नाही याची खात्री करून घेतली.

शाफ्ट बसवल्यावर कोडे उलगडले. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवली की मागून घोगरे कण्हणे ऐकू येऊ लागले आणि तळ थरथरू लागला. जुन्या सीआर-व्हीमध्ये हा आवाज सर्वज्ञात आहे, आणि तो बहुतेक वेळा डिफरन्शियल बिघडल्याचा नसून त्यातील तेल जुने झाल्याचा असतो. तेल मात्र साधे गिअर ऑइल चालत नाही. ड्युअल पंपसाठीचे होंडाचे खास तेलच लागते, तेही जेमतेम एक लिटर. आमच्या डिफरन्शियलमधून काळे, जळका वास असलेले तेल निघाले. नवे घालून मोकळ्या मैदानात गोल फेऱ्या मारल्या, काही दिवसांनी पुन्हा एकदा बदलले आणि आवाज गेला. दोन्ही वेळचे तेल आणि मजुरी मिळून सहा हजारांच्या आत काम झाले. म्हणजे एवढ्याशा खर्चाचा आवाज गिऱ्हाइकाच्या कानावर पडू नये म्हणून कोणीतरी आख्खा शाफ्टच काढून विकला होता.

म्हणून अशी गाडी पाहताना वळणावर आवाज येत नाही एवढ्यावर समाधान मानू नये. शाफ्ट नसलेली गाडीही तितकीच शांत असते. पैसे देण्यापूर्वी गाडी आपल्या माणसाच्या रॅम्पवर चढवावी. विक्रेता त्याला नकार देत असेल तर व्यवहार तिथेच सोडावा. शाफ्ट, त्याचे मधले बेअरिंग आणि डिफरन्शियलचे बोल्ट स्वतः पाहावेत. तळावर ताजे काळे कोटिंग असेल तर जास्तच बारकाईने पाहावे. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत अठरा-वीस वर्षांच्या गाडीचा तळ थोडा गंजलेला असणे स्वाभाविक आहे, उलट तो अगदी नवा दिसणे संशयास्पद आहे. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले असावेत. पुढचे झिजून लहान झालेले आणि मागचे नवे असे असेल तर पुढची चाके सतत जास्त फिरतात, यंत्रणा कोरड्या रस्त्यावरही दाबाखाली राहते आणि तेल लवकर जळते. या वयात लोअर आर्मचे बुश, इंजिन माउंटिंग, ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट आणि एसीचा कॉम्प्रेसर ही कामेही निघतात, पण त्यांत लपवाछपवी करणे कठीण असते.

विक्रेत्याने ‘जशी आहे तशी’ या अटीवर माझी सही असल्याचे सांगून हात वर केले. मी जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पिटमधील फोटो आणि मेकॅनिकचे लेखी मत जोडून नोटीस पाठवली, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला नोंदणी अधिकाऱ्याकडून प्राधिकारपत्र घ्यावे लागते. ते त्याच्याकडे नव्हते, आणि नोटिशीत तो मुद्दा आल्यावर त्याचा सूर बदलला. शाफ्टचे चौदा हजार त्याने दिले. मजुरी आणि तेलाचे पैसे दिले नाहीत. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. पावतीवर ‘जशी आहे तशी’ असे छापलेले असेल, तर त्याखाली विक्रेत्याच्याच हस्ताक्षरात ‘प्रॉपेलर शाफ्ट व मागील डिफरन्शियल जोडलेले असून चालू स्थितीत आहे’ एवढे वाक्य तारखेसह लिहून घ्यावे.