पिसांची काठी: बिचकणाऱ्या मांजरीसाठी घ्यावी का?

आमची चिंगी मोठ्या वयाची होऊन आमच्याकडे आली. आली ती थेट कॉटखाली गेली आणि तिथेच राहिली. तिच्यासाठी ही काठी घेतली. आत सरकवून आखूड करता येणारी फायबरची काठी, टोकाला दोरी, दोरीला अडकवलेला पिसांचा झुबका. दुकानदार याला वाँड टॉय म्हणतात, आमच्या घरात हिचं नाव गळ.

खोक्यावर 'व्यायाम', 'वजन आटोक्यात' वगैरे लिहिलंय. असेलही तसं. माझ्या लेखी या वस्तूचा मोठा गुण म्हणजे तिची लांबी. हातावर खाऊ ठेवून मांजरीला बोलवा, असं सगळे सांगतात. पण हातामागे अख्खा माणूस असतो आणि चिंगीला वावडं होतं ते त्या माणसाचंच. काठीमुळे मी खोलीच्या या टोकाला, पिसं त्या टोकाला. तिला माझ्याशी काही देणंघेणं न ठेवता शिकार करता येते आणि तरी खेळ चालू असतो तो माझ्याबरोबर.

खेळवायचं कसं, हे खोक्यात कुठेच लिहिलेलं नाही. बरेच जण पिसं मांजराच्या तोंडासमोर नाचवतात. एक तर कुठला उंदीर आपण होऊन मांजराच्या जबड्यात जातो? शिवाय साधारण २५ सेंटिमीटरच्या आतलं मांजराला नीट दिसतही नाही, तिथे ते मिशांवर काम भागवतं. म्हणून पिसं तिच्यापासून लांब पळवायची, पडद्याआड न्यायची आणि तिथे थांबवायची. हे थांबणं फार महत्त्वाचं. चिंगीचे कान पुढे वळतात, बूड हलायला लागतं, मग झडप. दर दोन-तीन झडपांनंतर पिसं तिच्या पंजात राहू द्यावीत. मागच्या पायांनी ती त्यांना मनसोक्त लाथा घालते. शेवटी पळवण्याचा वेग कमी करत आणायचा आणि लगेच जेवण द्यायचं: शिकार झाली, पोट भरलं, आता अंग चाटत बसायचं, हा त्यांचा स्वाभाविक क्रम.

म्हणूनच लेझरचा ठिपका मला पटत नाही. कितीही धावलं तरी पंजात काहीच येत नाही. आणि बॅटरीवर आपोआप फिरणारी खेळणी मांजराला रमवतात खरी, पण त्यात आपण कुठेच नसतो. नवीन मांजराशी ओळख वाढवायची असेल तर त्यांचा उपयोग शून्य.

काठी आखूड करता येते हे सुरुवातीला किरकोळ वाटलं होतं. आता तोच भाग सगळ्यात जास्त वापरला जातो. चिंगी निवांत झाली की काठीचा एक टप्पा आत सरकवायचा, बिचकली की पुन्हा बाहेर. खेळ संपल्यावर मी जमिनीवर बसून तिच्याकडे बघत डोळे सावकाश मिटते, उघडते. याला आधार आहे बरं का: ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की अनोळखी माणसाने असे डोळे मिचकावले तर मांजरं त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे जास्त येतात. चिंगी अजून मांडीवर येत नाही, पण जाता जाता गुडघ्याला अंग घासते. मला घाई नाही.

आता तक्रारी. झुबक्याला लावलेला घुंगरू मी पहिल्याच दिवशी कापून टाकला. आपले कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतात, मांजराचे ६० च्याही पुढे. भेदरलेल्या जिवाच्या कानाशी हा किणकिणाट कशाला? पिसांचा भडक लाल रंग आपल्यासाठी आहे, मांजराला लाल फारसा कळत नाही, त्याचं लक्ष हालचालीवर. काठीचे सांधे वापरून सैल पडतात आणि ऐन खेळात काठी आपोआप आत सरकते. पिसं लवकर झडतात, पण पकड उघडून नवा झुबका लावता येतो, त्यामुळे त्याबद्दल राग नाही.

राग आहे तो एका गोष्टीचा. दोरीबद्दलची सूचना खोक्यावर ठळक हवी होती, ती नाहीच. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, तोंडात गेलेली दोरी त्याला सहज थुंकता येत नाही. ती पोटात गेली तर आतड्यांना चुण्या पडतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. खेळ झाला की काठी कपाटात, कपाटाला कडी. घरात लहान मुलं असतील तर कडी उंचावर. आणि मांजराने दोरी गिळलीच, शेपटीखालून टोक लोंबताना दिसलं, तर ते ओढायचं नाही, तसंच डॉक्टरकडे न्यायचं.

पाचपैकी चार तारे. एक त्या दोरीच्या सूचनेचा कापला, घुंगरूचा अर्धा कापता आला असता तर तोही कापला असता.