प्लँकचे आकाशनकाशे : पार्श्वप्रारणातील विषमता तपासणाऱ्यासाठी

प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांवरून तयार झालेले सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाचे, म्हणजे आद्यविश्वातून उरलेल्या व सर्व दिशांनी येणाऱ्या प्रारणाचे, नकाशे युरोपीय अवकाश संस्थेने २०१८ साली सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. या प्रारणातील विषमतांची, म्हणजे दिशेनुसार बदलणाऱ्या तापमानातील विचित्र फरकांची, स्पष्टीकरणे केवळ वाचून ज्यांचे समाधान होत नाही, त्यांनी हा संग्रह अवश्य हाताळावा.

संग्रहाचे मोठे बळ असे, की ९ कंप्रतापट्ट्यांतील नोंदींमधून आकाशगंगेतील धुळीचे व इलेक्ट्रॉनांचे प्रारण वजा करून ४ वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले नकाशे शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. एरिडॅनस तारकासमूहातला ‘थंड डाग’ मी चारही नकाशांत पाहिला. सुमारे १० अंश, म्हणजे एका ओळीत २० पूर्णचंद्र मावतील एवढा हा भाग भोवतालापेक्षा सरासरी ७० मायक्रोकेल्विनने (केल्विनच्या दशलक्षांशांत मोजलेला फरक) थंड आहे, आणि पद्धत बदलली तरी तो हलत नाही. हाच डाग २००४ साली डब्ल्यूमॅप या आधीच्या उपग्रहाच्या नोंदींतही सापडला होता, त्यामुळे उपकरणाचा दोष हे स्पष्टीकरण माझ्या मते टिकत नाही.

त्या दिशेला २०१५ साली एक महापोकळी, म्हणजे दीर्घिका विरळ असलेला प्रचंड प्रदेश, आढळली. पोकळीत शिरताना प्रकाशकण गुरुत्वाचा चढ चढत ऊर्जा गमावतो आणि बाहेर पडताना ती परत मिळवतो. परंतु मधल्या काळात विश्वाच्या प्रवेगी प्रसरणामुळे तो चढ सपाट झालेला असल्याने परतफेड अपुरी पडते आणि तो भाग थंड दिसतो. एवढ्याने मात्र तापमानातील घटीचा लहानसा वाटाच भरून निघतो. उरलेला भाग निव्वळ योगायोगाचा असू शकतो, कारण पाहायला आपल्याजवळ एकच आकाश आहे, आणि इतक्या मोठ्या आकाशात शोधत गेले की काहीतरी विचित्र सापडणारच. आद्यविश्वातील अवस्थांतराचे (पाण्याचे बर्फ व्हावे तशा बदलाचे) अवशेष किंवा आपल्यासारख्याच दुसऱ्या विश्वबुडबुड्याशी टक्कर या कल्पना मोहक आहेत, पण त्यांना नकाशात ठोस आधार मिळत नाही.

नवख्याने एक पथ्य पाळावे : आकाशगंगेचा पट्टा झाकणारा मुखवटा आधी लावावा. तो न लावता केलेली माझी पहिली संपूर्ण मोजणी वाया गेली.

उणीव ध्रुवीकरणाच्या, म्हणजे प्रारणाच्या कंपनांची दिशा दाखवणाऱ्या, नकाशांत आहे. मोठ्या कोनांवर त्यांतील गोंगाट इतका आहे, की तापमानाच्या नकाशांत आकाशाच्या दोन गोलार्धांतील चढउतारांची जी असमानता दिसते ती खरी की योगायोगाची, याचा स्वतंत्र पडताळा तिथे घेता येत नाही. तापमानाच्या नकाशांसाठी मात्र मी पूर्ण गुण देईन.