होंडा ट्रान्सअल्प ७५०, गोव्यात ११ महिने: इंजिनाआधी चेन, स्पोक आणि मीठ

मोठी ड्युअल-स्पोर्ट (डांबरी आणि कच्चा, दोन्ही रस्त्यांवर चालणारी गाडी) घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: कुठल्या कंपनीची गाडी कमी बिघडते? ११ महिने आणि १३,४०० किलोमीटर चालवल्यावर एवढं सांगता येईल, की गोव्यात टाकीवरच्या नावापेक्षा दोन अंतरं जास्त मोलाची आहेत. समुद्र घरापासून किती लांब आहे, आणि सुटा भाग किती लांबून यायचा आहे. या काळात इंजिनाने काहीही मागितलं नाही. सगळा वेळ खाल्ला तो चेन, ब्रेक पॅड, लिंकेजची (मागचा शॉक आणि चाक जोडणाऱ्या सांध्यांची) बेअरिंग आणि वायरिंगचे कनेक्टर यांनी. या वर्गातली दुसरी कुठलीही गाडी इथे घेतली असती तरी हीच यादी झाली असती, असं माझं ठाम मत आहे.

आधी गाडी. ट्रान्सअल्प भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. ७५५ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, क्रँक २७० अंशांचा, ताकद ९२ पीएसच्या आसपास, टॉर्क ७५ न्यूटन-मीटर. पुढे २१ इंची, मागे १८ इंची स्पोक व्हील, दोन्हीकडे ट्यूब. वजन २०८ किलो, सीट ८५० मिमी, टाकी १६.९ लिटर. जपानहून पूर्ण बांधून येते. तेव्हाची एक्स-शोरूम किंमत ११ लाखांना जेमतेम दहा रुपये कमी होती, पण तो आकडा धरून बसू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या दुचाकींवर ४० टक्के जीएसटी आहे. ऑन-रोड किंमत ताजीच विचारा आणि लेखी घ्या.

ही गाडी निवडण्यामागे एकच विचार होता: वजन. दक्षिण गोव्यात नेत्रावळी, सांगेच्या आतल्या बाजूला किंवा उत्तर गोव्यात सत्तरीत पावसाळ्यानंतर शिरलात की खाली चिऱ्याचा (जांभ्याचा) खडक आणि वर दोन इंच तांबडा चिखल असतो. टायरच्या खाचा पन्नास मीटरमध्ये बुजतात. मग गाडी कितीही ताकदीची असो, टायर गुळगुळीतच. अशा ठिकाणी गाडी आडवी होणारच हे धरून चालायचं आणि ती एकट्याने उचलता येते का, एवढंच बघायचं. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम ८००डीई २३० किलोंची आहे. टाकी २० लिटरची, सस्पेन्शनची चाल (चाक किती वर-खाली होतं ते) २२० मिमी, आणि चोर्ला घाटातून बेळगावकडे जाताना ती जास्त आरामशीर वाटते. पण २२ किलोंचा फरक चिखलात फार मोठा. ट्रायम्फ टायगर ९०० रॅली प्रोचं सस्पेन्शन या सगळ्यांत उजवं, पुढे २४० मिमी चाल, आणि स्पोक असूनही टायर ट्यूबलेस. सीट मात्र ८६० मिमीपासून सुरू होते आणि किंमत वेगळ्याच रांगेतली. डुकाटी डेझर्टएक्सच्या व्हॉल्वची तपासणी ३०,००० किलोमीटरला येते, म्हणून वर्षाला सहा-सात हजार चालवणाऱ्याला ती वाटते तितकी खर्चिक पडत नाही. पण तिच्या डेस्मो व्हॉल्वना (स्प्रिंगऐवजी लिव्हरने बंद होणारे) हात लावणारा माणूस जवळपास आहे का, ते आधी शोधा. यामाहाची टेनेरे ७०० बऱ्याच जणांच्या मनात असते. ती भारतात अधिकृतपणे विकली जात नाही, त्यामुळे तो विषय तिथेच संपतो.

भरवशाबद्दल बोलताना लोक एक जुनं सर्वेक्षण पुढे करतात. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०१५ मध्ये चौथ्या वर्षापर्यंत बिघाड होण्याचं प्रमाण काढलं होतं: यामाहा ११ टक्के, सुझुकी आणि होंडा १२, कावासाकी १५, ट्रायम्फ २९, डुकाटी ३३, बीएमडब्ल्यू ४०. आकडे खरे आहेत, पण त्यात क्रूझरपासून टूररपर्यंत सगळं एकत्र मोजलेलं आहे, आणि आज विकल्या जाणाऱ्या ड्युअल-स्पोर्ट त्यातल्या नव्हेतच. जपानी गाडी एकंदरीत कमी त्रास देते, इतकाच अर्थ त्यातून घ्यावा. कारण भरवसा कंपनीचा नसतो, त्या त्या मॉडेलमधल्या एखाद्या भागाचा असतो. कावासाकी केएलआर ६५० ही दणकट इंजिनासाठी जगभर नावाजलेली, पण त्यातला बॅलन्सर चेनचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या भागाच्या चेनचा) ताण सांभाळणारा छोटा लिव्हर तुटायचा आणि जाणकार मालक तो आधीच बदलून टाकायचे. होंडाची आफ्रिका ट्विन सीआरएफ१०००एल आली तेव्हा स्पोक गंजल्याच्या तक्रारी झाल्या, आणि २०१८ च्या मॉडेलला होंडाने स्टेनलेस स्पोक दिले. इंजिन शंभर नंबरी आणि स्पोक गंजलेले, ही गोष्ट गोवेकराने नीट लक्षात ठेवावी. आपल्याकडे इंजिनाआधी बाहेरची धातूची वस्तूच जाते.

आता मिठाकडे येऊ. मिरामार, कोलवा, मोरजी या पट्ट्यात गाडी उघड्यावर राहत असेल तर ॲल्युमिनियममध्ये बसवलेल्या स्टीलच्या स्क्रूभोवती पांढरी पूड दिसायला लागते. दोन वेगळे धातू, त्यांच्यामध्ये खारट ओल. गंज चढायला एवढं पुरतं. वर्षभराने तो स्क्रू सुटत नाही, डोकं घासून जातं. त्यावर इलाज म्हणजे गाडी नवी असतानाच क्रॅशगार्ड, बॅश प्लेट (इंजिनाखालचा संरक्षक पत्रा), आरसे, नंबरप्लेट यांचे स्क्रू एकेक काढून अँटी-सीझ (स्क्रू जाम होऊ न देणारी) पेस्ट लावून परत बसवणे. पेस्ट लावल्यावर टॉर्क (आवळण्याचा जोर) थोडा कमी ठेवायचा, नाहीतर आटे जातात. दोन तासांचं काम आहे. कव्हर घालून गाडी झाकून ठेवणं पावसाळ्यात उलटं पडतं. आत वाफ कोंडते आणि गंज जास्त चढतो. पत्र्याची शेड, चारी बाजूंनी वारा, हेच चांगलं.

चेनबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तांबड्या मातीची धूळ बारीक असते आणि घासते. चेनवर आधीचं ऑइल असताना ती वर बसली की त्याची लापशी होते. वरून परत स्प्रे मारला की ती लापशी ओ-रिंगपर्यंत (चेनच्या सांध्यातल्या रबरी कड्यांपर्यंत) जाते. म्हणून आधी साफ करायचं: केरोसीनमध्ये भिजवलेलं फडकं आणि मऊ ब्रश; तारेचा ब्रश नाही, पेट्रोल तर नाहीच. पुसून कोरडी करायची आणि चेन गरम असताना आतल्या बाजूने ऑइल द्यायचं. ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल पुरेसं आहे. रात्रभर राहू द्या, सकाळी वरचं जास्तीचं पुसा. पावसात दर २५० ते ३०० किलोमीटरला, कोरड्या दिवसांत ६०० ला.

ताण बघताना बरेच मेकॅनिक साध्या गाडीसारखी चेन घट्ट करून देतात. लांब चालीच्या सस्पेन्शनमध्ये पुढचा स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) खिळा आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणलेली असते. स्टँडवर घट्ट दिसणारी चेन दोन माणसं आणि सामान बसल्यावर तारेसारखी होते, आणि तो ताण गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. ते बेअरिंग बदलायचं म्हणजे इंजिन उघडायचं. स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर जेवढा ढिलेपणा लिहिलाय त्याच्या सैल टोकाला ठेवा. चेन संपली की नाही हे बघायला ती मागच्या स्प्रॉकेटवर, बरोबर मागच्या टोकाला, बोटाने ओढा. अर्धा दात उघडा पडला तर दोन्ही स्प्रॉकेटसकट सेट बदलायचा.

लिंकेज. मागच्या शॉकच्या खाली जी बेअरिंग आहेत ती थेट चिखलाच्या माऱ्यात असतात. पहिल्या पावसाळ्याआधी ती उघडून ग्रीस भरणं मी सक्तीचं मानतो, मग गाडी कुठल्याही कंपनीची असो. साधं पिवळं ग्रीस पाण्यात धुऊन जातं, मरीन ग्रीस टिकतं. ट्रॉलरचं सामान विकणाऱ्या दुकानात ते मिळतं. लिंकेज उघडताना मागचं चाक हवेत आणि गाडी भक्कम टेकलेली हवी, आणि बसवताना टॉर्क रेंच हवाच. नुसत्या अंदाजाने आवळलेलं लिंकेज मागे कुरकुरतं.

पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवर चिखल सुकू देऊ नका. घरी आल्यावर ओल्या फडक्याने तेवढी नळी पुसली तरी ऑइल सीलचं आयुष्य वाढतं. सील गळायला लागलं तर लगेच बदलायला धावू नका. कॅमेऱ्याच्या फिल्मची पट्टी किंवा तशीच पातळ प्लास्टिकची पट्टी सीलच्या ओठाखालून फिरवली की अडकलेला कण बाहेर येतो आणि बहुतेक वेळा गळती थांबते. पाण्याचा जोरदार फवारा मात्र चाकांची बेअरिंग, रेडिएटरचे पाते आणि सीटखालचे कनेक्टर यांच्यावर कधीच नको.

स्पोक पहिल्या हजार किलोमीटरला आणि मग दर तीन हजाराला. छोट्या स्क्रूड्रायव्हरने एकेका स्पोकवर टिचकी मारा. ताणलेला खणखणतो, सैल पडलेला बद्द वाजतो. एखादा सैल असेल तर पाव फेरा आवळून परत ऐका. चार-पाच शेजारचे सैल असतील तर स्वतः हात लावू नका, रिम वाकडी होईल.

ट्यूब हा या गाडीचा आणि व्ही-स्ट्रॉम ८००डीईचाही कमकुवत मुद्दा. गोव्यातल्या पंक्चरवाल्याकडे स्कूटरच्या ट्यूब भरपूर, २१ इंची मिळेलच असं नाही. २१ इंची ट्यूब एक स्वतःजवळ ठेवा. अडचणीत ती मागच्या १८ इंची चाकातही तात्पुरती चालते, उलटं चालत नाही. सोबत टायर लिव्हर दोन, एक्सलच्या मापाचा पाना, टाल्कम पावडर, छोटा पंप. कच्च्या रस्त्यावर मी हवेचा दाब २६-२७ पीएसआयच्या खाली नेत नाही. चिऱ्याच्या धारेवर आपटल्यावर रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटते आणि सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडतात. हा त्रास नको असेल तर ट्यूबलेस स्पोकची गाडी घ्या. कमी किमतीत हिमालयन ४५० ला २०२४ पासून ट्यूबलेस स्पोकचा पर्याय आहे, आणि २०२५ च्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरला ते मिळतातच. दोन्हींना पुढे २१, मागे १७ इंची चाक, वजन १९६ आणि १८३ किलोंच्या घरात. खरं सांगायचं तर वर्षातले दहा महिने पणजी ते फोंडा आणि अधूनमधून तांबडी सुर्ला एवढंच असेल तर ७५० सीसीची गरज नाही.

वीज. चालू होत नसलेली गाडी दर वेळी बॅटरीमुळेच नाही, स्विचमुळेही अडते. न्यूट्रलमध्ये चालू होते आणि स्टँड वर असूनही गिअर टाकताच बंद पडते? साइड स्टँडचा स्विच चिखलाने भरलाय. धुऊन, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघा. बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर १२.४ व्होल्टच्या खाली नको, चार-साडेचार हजार आरपीएमला १३.८ ते १४.५ दिसायला हवं. जास्तीचे दिवे लावायचे तर रिले आणि स्वतंत्र फ्यूज घालूनच. मूळ वायर कापून जोड दिला तर त्या जोडातून पाणी आत शिरतं आणि वायरच्या आतून गंज पुढे सरकत जातो.

झिजून संपणारं सामान: मागचे ब्रेक पॅड ८,००० किलोमीटरला गेले. तांबडी माती सॅंडपेपरसारखी काम करते. मागचा टायर ९,५०० ला. ॲव्हरेज घाटात १८-१९, हायवेला २२ च्या आसपास, आता सगळीकडे ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) असताना. इथेनॉल ओल ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात गाडी तीन आठवडे उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा.

फेरीबोटीबद्दल एक सूचना, कारण रायबंदर-चोडणसारख्या ठिकाणी उंच गाड्या पडताना दिसतात. रॅम्प लोखंडी, ओला, आणि भरतीप्रमाणे त्याचा उतार बदलतो. पहिला गिअर, क्लच अर्धा, पुढचा ब्रेक अजिबात नाही, हँडल सरळ. वळायचं ते डेकवर पोहोचल्यावर. ८५० मिमीच्या सीटवर पाय पूर्ण टेकत नसेल तर आधी रिकाम्या जागी एका पायावर उभं राहण्याचा सराव करा. लोअरिंग लिंक लावून गाडी खाली आणली की साइड स्टँड लांब पडतो आणि गाडी सरळ उभी राहून पलीकडे कलंडते. स्टँडही छाटून घ्यावा लागतो.

खरेदीआधी डीलरकडून या भागांची किंमत आणि येण्याचा अंदाज लेखी मागा: क्लच प्लेट, ब्रेक आणि क्लच लिव्हर, रेडिएटर, फोर्क सील, चेन सेट, एअर फिल्टर, रेक्टिफायर. आयात होणाऱ्या कुठल्याही गाडीचा रेडिएटर एका दगडाने फुटू शकतो. तो आठ दिवसांत येतो की आठ आठवड्यांत, यावर तुमचा पुढचा मोसम ठरतो. उत्तर देताना समोरचा माणूस चाचरला तर दुसरी गाडी बघा. केटीएमच्या मोठ्या गाड्यांचा विचार असेल तर मूळ कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियात दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली होती आणि पुढे बजाजने पैसा घालून ती सावरली, हे ध्यानात ठेवून भागांचा प्रश्न दोनदा विचारा.

सेकंड हँड घेत असाल तर इंजिनाचा आवाज शेवटी ऐका. आधी डिस्कचे बोल्ट, रेडिएटरचा खालचा कोपरा, स्पोक जिथे रिममध्ये शिरतो ती जागा बघा. मग सीट काढून दोन-तीन कनेक्टर उघडा. पिन स्वच्छ आणि चमकदार हव्यात. हिरवी पूड दिसली तर किंमतीवर बोलण्याआधी पूर्ण वायरिंग हार्नेसचा भाव विचारून या.